दहा लाकडी कप्प्यांचा पब : बेलफास्टचे क्राउन लिकर सलून

उत्तर आयर्लंडची राजधानी असलेल्या बेलफास्ट शहरात ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीट आणि अमेलिया स्ट्रीट जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर ‘क्राउन लिकर सलून’ हा पब उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्यगृहे कशी बांधली जात याचा इतका पूर्ण आणि इतका कमी बिघडलेला नमुना ब्रिटिश बेटांवर क्वचितच दुसरा सापडेल. दर्शनी भागावरील रंगीत फरशा, चितारलेली तावदाने आणि सोनेरी वर्ख दिलेले खांब यांच्या छायाचित्रांमुळे हा पब परगावच्या वाचकालाही ठाऊक झालेला आहे, आणि म्हणूनच तो मुख्यतः सजावटीचा चमत्कार असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष आत शिरणाऱ्या प्रवाशाला मात्र थोड्याच वेळात उमगते, की सजावट हे या वास्तूचे केवळ बाह्यांग आहे. तिचा गाभा जागेच्या वाटणीत आहे: कोणी कोठे बसावे, कोणाला कोण दिसावे, आणि भर गर्दीच्या ठिकाणी माणसाला चार फळ्यांच्या आडोशाने एकांत कसा मिळवून द्यावा, या प्रश्नांची उत्तरे येथे लाकडात, काचेत आणि मातीत दिलेली आहेत. या वास्तूचे मोल त्या उत्तरांवरूनच ठरवायला हवे.

या जागी १८२६ पासून मद्यगृह असल्याचे सांगितले जाते आणि त्याचा पहिला चालक म्हणून फेलिक्स ओ’हॅनलन याचे नाव घेतले जाते. १८३९ मध्ये अल्स्टर रेल्वेची बेलफास्टहून लिस्बर्नला जाणारी गाडी रस्त्याच्या पलीकडील स्थानकातून सुटू लागली, आणि गाडीची वाट पाहणारा प्रवासी हा येथला हक्काचा गिऱ्हाईक झाला. ‘रेल्वे टॅव्हर्न’ हे या जागेचे जुने नाव त्याच नात्याची साक्ष देते. पुढे ही मालमत्ता मायकेल फ्लॅनागन यांच्याकडे आली आणि त्यांचे पुत्र पॅट्रिक यांनी १८८५ मध्ये तिचा कायापालट करून तिला आजचे नाव दिले. दर्शनी भागाला आजचे रूप १८९८ च्या सुमारास मिळाले व ते काम बेलफास्टमधील ई. अँड जे. बर्न या वास्तुविशारदांच्या नावावर आहे. म्हणजे आज जी वास्तू एकसंध दिसते ती एका झटक्यात उभी राहिलेली नसून दोन टप्प्यांत सजलेली आहे, आणि त्या दोन टप्प्यांच्या मध्ये बेलफास्टचे रूपही पालटले होते. १८०१ मध्ये वीस हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव तागासारख्या दिसणाऱ्या अळशीच्या धाग्यापासून लिननचे कापड विणणाऱ्या गिरण्या आणि जहाजबांधणी यांच्या जोरावर वाढत गेले, १८८८ मध्ये त्याला शहराचा औपचारिक दर्जा मिळाला आणि १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या जवळ पोचली. त्या वाढत्या शहरात स्थानकासमोरच्या कोपऱ्याची किंमत काय असेल, हे मुंबईत बोरीबंदराभोवतीची दुकाने पाहिलेल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

पण जागा मोक्याची असली तरी व्यवसायाची प्रतिष्ठा त्या शहरात पक्की नव्हती. आयर्लंडमधील मद्यविरोधी चळवळीची एक महत्त्वाची सुरुवात बेलफास्टमध्येच झाली होती. जॉन एडगर या प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाने १८२९ मध्ये घरातील व्हिस्की खिडकीतून बाहेर ओतून दिल्याचा प्रसंग त्या चळवळीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. दारू पिणे हे दारिद्र्याचे आणि अधःपाताचे कारण आहे असे व्यासपीठावरून रोज सांगितले जात असताना, मद्यगृहाच्या मालकापुढे दोन गरजा एकाच वेळी उभ्या राहत. पहिली, आपले घर अंधारी, ओलसर, कुबट गुत्ता नसून स्वच्छ आणि सन्मान्य स्थळ आहे हे रस्त्यावरूनच दाखवणे. आणि दुसरी, जो गिऱ्हाईक आत येताना कोणाच्या नजरेस पडू इच्छित नाही त्याला आडोसा देणे. पहिल्या गरजेचे उत्तर लंडनमध्ये १८२० आणि १८३० च्या दशकांत पुढे आलेल्या ‘जिन पॅलेस’ या प्रकाराने आधीच दिले होते. जिन पॅलेस म्हणजे मोठ्या काचांच्या खिडक्या, गॅसचे झगझगीत दिवे, आरसे आणि सोनेरी नक्षी यांनी नटवलेले मद्यालय, ज्यात गरिबाच्या घरात कधी न दिसणारा थाट एका पेल्याच्या किमतीत पाहायला मिळे. क्राउनची बाहेरची बाजू त्या परंपरेतली आहे. दुसऱ्या गरजेचे उत्तर आत आहे, आणि ते अधिक आयरिश आहे.

बाहेरून पाहताना प्रथम लक्षात येते ते हे, की सगळा वैभवाचा देखावा तळमजल्यापुरता आहे. वरचे मजले त्या मानाने साधे आहेत. पादचाऱ्याची नजर जिथवर सहज पोचते तिथवरच रंग आणि नक्षी यांची उधळण केलेली आहे, आणि मालकाचा पैसा कोठे खर्च व्हावा याविषयीचा हा निर्णय अगदी चोख आहे. तळमजल्यावर भिंतीला चिकटून उभे असलेले अर्धस्तंभ, म्हणजे खांबाचा आभास देणारे भिंतीचे पुढे आलेले पट्टे, हिरव्या, तपकिरी आणि पिवळसर छटांच्या फरशांनी मढवलेले असून त्यांच्यामधून कमानदार आणि जहाजाच्या झरोक्यांसारख्या गोल खिडक्या बसवल्या आहेत. या फरशा इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील जॅकफील्ड येथील क्रेव्हन डनिल या कारखान्यातल्या आहेत. उठावाची फरशी करताना आधी ओली माती साच्यात दाबून नक्षी उमटवली जाते, मग ती भट्टीत भाजून कोरडी व सच्छिद्र केली जाते, आणि नंतर धातूंच्या भस्मांनी रंगवलेला काचेचा लेप देऊन ती पुन्हा भाजली जाते. भट्टीत लेप वितळतो तेव्हा नक्षीच्या खोलगट भागांत तो अधिक साठतो आणि उंचवट्यांवरून ओघळून पातळ होतो. त्यामुळे एकाच रंगात गडद-फिक्या छटा आपोआप उतरतात. क्राउनच्या भिंतीजवळ जाऊन एखाद्या पानाच्या नक्षीकडे निरखून पाहिले, तर पानाच्या शिरांच्या कडेला हिरवा रंग जवळजवळ काळा झालेला आणि पानाच्या पोटावर तो मधासारखा पारदर्शक झालेला दिसतो.

या फरशांची निवड केवळ शोभेसाठी होती असे मानणे चुकीचे ठरेल. कोळशावर चालणाऱ्या शहराच्या हवेत काजळी आणि आम्ल इतके असे, की चुन्याचा गिलावा व मऊ दगड काही वर्षांत काळवंडत आणि झिजत. काचलेपाची फरशी मात्र पावसाने धुतली जाई व उरलेला मळ ओल्या फडक्याने निघे. स्वच्छता दिसली पाहिजे, ही सन्मान्यतेची अट त्या काळी रुग्णालय, दूधडेअरी, खाटकाचे दुकान आणि रेल्वे स्थानक या सगळ्यांना लागू होती, आणि म्हणून एकाच कारखान्याचा माल या सगळ्या ठिकाणी जात असे. साम्राज्याच्या व्यापारमार्गांनी असा माल दूरवर पोचे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील जमिनीच्या भौमितिक नक्षीच्या फरशाही इंग्लंडहून आणवलेल्या आहेत. तेव्हा क्राउनच्या दर्शनी भागात शिल्पकाराचा हात जितका आहे तितकाच कारखान्याच्या साच्याचाही आहे, आणि त्याने त्या कामाची किंमत मुळीच कमी होत नाही. साच्यातून निघालेले तुकडे कोणत्या क्रमाने, कोणत्या रंगांच्या शेजारी, कोणत्या उंचीवर बसवायचे हे ठरवण्यातच येथे रचनाकाराचे कसब पणाला लागले आहे.

प्रवेशद्वारी पायाखाली मोझेकचा, म्हणजे रंगीत बारीक तुकडे जुळवून केलेला, राजमुकुट आहे. त्याच्याविषयी एक कथा बेलफास्टमध्ये सर्रास सांगितली जाते: फ्लॅनागन दांपत्यापैकी पत्नी ब्रिटिश राजसत्तेची निष्ठावंत होती आणि तिने ‘क्राउन’ या नावाचा आग्रह धरला, आयरिश राष्ट्रवादी पतीने नाव मान्य केले, पण प्रत्येक येणाऱ्याने मुकुटावर पाय देऊनच आत यावे म्हणून तो उंबरठ्यावर बसवला. ही कथा खरी असल्याचा पुरावा मागण्यापेक्षा ती त्याच शहरात का टिकली, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ज्या शहरात रस्त्याच्या कडेचे दगड कोणत्या रंगात रंगवले आहेत यावरून वस्तीची राजकीय निष्ठा ओळखली जाते, तेथे जमिनीवरील चिन्हाकडे निव्वळ सजावट म्हणून कोणी पाहू शकत नाही. वास्तूला अर्थ देण्याचे काम बांधणाऱ्यानंतर वापरणाऱ्यांनी चालू ठेवल्याचे हे उदाहरण आहे.

आत पाऊल टाकताच उजेडाचा पोत बदलतो. पश्चिमेकडून येणारा दिवसाचा उजेड रंगीत व चितारलेल्या तावदानांतून गाळून येत असल्याने तो थेट कोठेच पडत नाही, आणि आतले दिवे आजही गॅसचे आहेत. विजेच्या दिव्याच्या तुलनेत गॅसची ज्योत मंद, पिवळसर आणि किंचित हलती असते. अशा उजेडात मोठी खोली उजळायची तर खोलीतील प्रत्येक पृष्ठभागाला उजेड परतवण्याचे काम करावे लागते. आरसे, पितळ, घोटून चकचकीत केलेले लाकूड, काचलेपाच्या फरशा आणि सोन्याचा वर्ख या सगळ्यांची दाटी त्यामुळे केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन ठरत नाही. ती प्रकाशयोजनाही आहे. याच खोलीत विजेचा पांढरा झोत सोडला तर हीच नक्षी भडक आणि गजबजलेली वाटेल, हे सहज कल्पनेत येते. विसाव्या शतकात व्हिक्टोरियन सजावटीची जी नालस्ती झाली, तिचा बराचसा दोष त्या सजावटीवर नको तो उजेड पाडण्याकडे जातो, असे येथे उभे राहून ठामपणे म्हणता येते. छताची उठावाची नक्षी गडद लालसर-सोनेरी झाली आहे; एका शतकाहून अधिक काळ साचलेल्या तंबाखूच्या धुराचाही त्या रंगात वाटा आहे.

एका बाजूला लांबवर गेलेले मद्यविक्रीचे काउंटर आहे. त्याचा वरचा कठडा तांबड्या ग्रॅनाइटचा, पुढची बाजू फरशांची आणि मागची बाजू कोरीव लाकडी चौकटींत बसवलेल्या आरशांची आहे. ग्रॅनाइटची निवडही विचारपूर्वक केलेली आहे: बियरने, पाण्याने आणि शेकडो पेल्यांच्या घासण्याने लाकूड फुगते व डागाळते, संगमरवराला लिंबाचा व मद्याचा आम्लांश खातो, पण घोटलेल्या ग्रॅनाइटवर त्यातले काही टिकत नाही. काउंटरच्या मागील कोरीव लाकूडकाम, वर चढत जाणारे खांब आणि त्यांमधील कोनाडे यांची रचना कॅथलिक चर्चमधील वेदीमागच्या कोरीव भिंतीची आठवण करून देणारी आहे, आणि हा भास योगायोगाचा नसावा. बेलफास्टमध्ये नवी चर्च बांधण्यासाठी आलेल्या इटालियन कारागिरांना पॅट्रिक फ्लॅनागन यांनी दिवसाचे काम संपल्यावर येथे कामाला लावले, असे परंपरेने सांगितले जाते. या सांगण्यातील तपशील किती खरा हे बाजूला ठेवले तरी, त्या दशकांत धार्मिक आणि लौकिक वास्तूंसाठी सुतार, काचकार आणि फरशी बसवणारे तेच असत, त्यांची हत्यारे तीच असत आणि नमुन्यांच्या वह्याही त्याच असत, ही गोष्ट निर्विवाद आहे. प्रार्थनागृहाची शैली मद्यगृहात आल्याने कोणाचा अवमान झाला असे वाटत नाही. कारागिराने दोन्ही ठिकाणी सारख्याच मनापासून काम केले, एवढेच लाकडाच्या प्रत्येक कंगोऱ्यावरून दिसते.

काउंटरच्या समोर, दर्शनी भिंतीच्या बाजूने, या पबला जगावेगळे करणारी गोष्ट आहे: ‘स्नग’ नावाचे दहा लाकडी कप्पे. स्नग म्हणजे मद्यगृहाच्या मोठ्या दालनातच उंच लाकडी पडद्यांनी वेगळी काढलेली, स्वतंत्र दार असलेली लहानशी बैठक. क्राउनमधील प्रत्येक स्नगला इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर दिलेले असून ती अक्षरे ए पासून जे पर्यंत जातात. सगळे कप्पे एकाच मापाचे नाहीत. एखाद्यात चौघे जण दाटीने बसतील तर एखाद्यात मोठी मंडळी सामावेल. पडदीचा खालचा भाग भरीव लाकडाचा आहे व वरच्या भागात चितारलेली तावदाने आहेत, ज्यांवर शिंपले, पऱ्या, अननस, विदूषक आणि फ्रेंच राजघराण्याचे कमलचिन्ह काढलेले आहे. पडद्यांना छत नाही. त्यामुळे आतल्या माणसाला मोठ्या दालनाचा गलबला, हसणे, पेल्यांचा खणखणाट सारे ऐकू येते, छताची नक्षी दिसते, पण माणूस दिसत नाही. डोळ्यांपासून लपणे आणि कानांनी सहभागी राहणे ही दोन सुखे एकाच वेळी देणारी ही योजना आहे, आणि बंद खोली बांधून ती कधीच साधली नसती.

स्नगच्या दारांशी लाकडात कोरलेले सिंह आणि ग्रिफिन ढाली धरून बसले आहेत. ग्रिफिन हा सिंहाचे धड आणि गरुडाचे डोके असलेला काल्पनिक प्राणी असून युरोपीय राजचिन्हांत तो राखणदार म्हणून येतो. ढालींवर लॅटिन बोधवाक्ये आहेत आणि त्यांतून खरे देशप्रेम व धाडसी माणसाला मिळणारी दैवाची साथ यांचा गौरव केलेला आहे. दोन बाके आणि मध्ये एक मेज असलेल्या छोट्या खोलीच्या दाराशी राजवाड्याला शोभावेत असे राखणदार बसवण्यात कारागिराने जराही कसर ठेवलेली नाही. दार लोटून आत बसल्यावर हाताशी येणाऱ्या दोन वस्तू मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे आगकाडी ओढण्यासाठी भिंतीवर बसवलेली गनमेटलची पट्टी; गनमेटल हा तांबे, कथील आणि जस्त यांचा, पूर्वी तोफांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू. २००७ च्या एप्रिलअखेर उत्तर आयर्लंडमधील सार्वजनिक बंदिस्त जागांत धूम्रपानाला बंदी झाल्यापासून या पट्ट्यांचे काम संपले आहे, पण त्या जागच्या जागी आहेत, आणि असंख्य काड्यांच्या ओरखड्यांनी त्यांचा पृष्ठभाग कसा झाला आहे हे बोटाने चाचपून कळते. दुसरी वस्तू म्हणजे घंटेचे बटण. ते दाबले की काउंटरच्या बाजूला घंटा वाजते आणि कोणत्या अक्षराच्या स्नगमधून बोलावणे आले ते तेथील फलकावर दिसते, म्हणजे आतल्या माणसाला दार उघडून हाक मारावी लागत नाही आणि बाहेरच्या कोणाला आत कोण आहे याचा सुगावा लागत नाही. मोठ्या हवेल्यांत नोकरांना बोलावण्यासाठी असलेली ही व्यवस्था येथे ज्याच्या खिशात एका पेल्याचे पैसे आहेत त्याच्या दिमतीला दिलेली आहे.

हा एकांत कोणाला हवा होता? आयर्लंडमध्ये स्नगचा उपयोग ज्यांच्यासाठी प्रामुख्याने होई त्यांत स्त्रिया पहिल्या. सार्वजनिक काउंटरवर उभे राहणे त्यांच्यासाठी बेअब्रूचे मानले जाई, पण स्नगमध्ये मैत्रिणींसह किंवा नवऱ्यासह बसण्यास हरकत नसे. त्यांच्याखेरीज हुद्द्यामुळे लोकांत पिणे न शोभणारी माणसे, धर्मगुरू, सौदा गुप्तपणे करू पाहणारे व्यापारी आणि प्रेमी युगुले यांनाही असा आडोसा हवा असे. नेमक्या याच कारणाने परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांना असे कप्पे खुपत. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या अनेक शहरांत दंडाधिकाऱ्यांचा आग्रह असे की दालनाचा प्रत्येक कोपरा काउंटरवरून दिसला पाहिजे, आणि त्या आग्रहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक पबांतील पडद्या उतरवल्या गेल्या. उरल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या मोकळ्या दालनांची आवड आली तेव्हा गेल्या. लिव्हरपूलच्या होप स्ट्रीटवरील ‘फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स’ हा पब कारागिरीत क्राउनच्या तोडीचा आहे आणि २०२० मध्ये त्याला इंग्लंडमधील वारसा-वास्तूंचा सर्वोच्च, म्हणजे पहिला दर्जा मिळाला. पण तेथील थाट मोठ्या दालनांचा आहे, बैठकीचा एकांत त्याच्या वाट्याला क्राउनइतका आलेला नाही. संगमरवर आणि तांब्याच्या कोरीव पत्र्यांत लिव्हरपूलचा पब सरस ठरेल. माणसाच्या गरजेचे बारीक मोजमाप घेण्यात मात्र बेलफास्टचा पब पुढे आहे.

स्नगच्या या गुणाचा सर्वांत समर्थ वापर एका चित्रपटात झाला आहे. कॅरल रीड यांच्या १९४७ च्या ‘ऑड मॅन आउट’ या चित्रपटात, शहराचे नाव न घेता, बेलफास्टच्या रात्रीत पोलिसांपासून लपत फिरणाऱ्या एका जखमी बंडखोर नेत्याची कथा आहे. जेम्स मेसन यांनी ती भूमिका केली. एका प्रसंगात त्याला भरगच्च पबमधील स्नगमध्ये दार लावून बसवले जाते, आणि पडदीच्या एका बाजूला शेकडो लोकांचा कोलाहल तर दुसऱ्या बाजूला रक्त वाहत असलेला एकटा माणूस, असे दृश्य घडते. या प्रसंगासाठी क्राउनच्या धर्तीवर स्टुडिओत नेपथ्य उभारले होते. त्या नेपथ्यामुळे प्रत्यक्ष वास्तूची कीर्ती वाढली हे खरे, पण महत्त्वाचे हे की दिग्दर्शकाने या जागेची नक्षी नव्हे तर रचना ओळखली होती.

पुढे वास्तूच्या अस्तित्वावरच बेतली. रस्त्यापलीकडील रेल्वे स्थानकाच्या जागेच्या काही भागावर १९७१ मध्ये युरोपा हॉटेल उघडले आणि परदेशी वार्ताहर तेथे उतरत असल्याने ते बॉम्बहल्ल्यांचे आवडते लक्ष्य झाले; ब्रिटिश राजसत्तेचे निष्ठावंत आणि आयरिश राष्ट्रवादी यांच्यातील सशस्त्र संघर्षाच्या काळात त्यावर तीसहून अधिक हल्ले झाले. ज्या पबची ओळख त्याच्या काचांनी होते तो अशा इमारतीच्या बरोबर समोर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. क्राउनच्या खिडक्या वारंवार फुटल्या आणि वारंवार नव्याने करून बसवल्या गेल्या. हॉटेलच्या शेजारी फ्रँक मॅचम यांनी १८९५ मध्ये बांधलेले ग्रँड ऑपेरा हाऊस आहे, ज्याच्या प्रेक्षागृहात सज्जांजवळ सोनेरी हत्तींची मस्तके आणि भारतीय धाटणीची म्हणून केलेली नक्षी पाहून भारतीय प्रवासी क्षणभर थबकतो. त्या नाट्यगृहालाही १९९१ आणि १९९३ च्या स्फोटांत मोठी हानी पोचली. आज हा सगळा रस्ता पाहताना कोणती काच जुनी आणि कोणती नवी हे सामान्य डोळ्याला ओळखता येत नाही, आणि ते तसेच असावे. काच ही पबच्या बाबतीत भंगणारी व बदलली जाणारीच वस्तू आहे. तिचा नमुना, तिचा रंग आणि तिची जागा हे टिकले म्हणजे ती टिकली.

याच अस्थिर काळात, १९७८ मध्ये, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने क्राउन विकत घेतले. त्यामागे ब्रिटनचे तत्कालीन राजकवी आणि व्हिक्टोरियन वास्तुकलेचे निष्ठावान कैवारी सर जॉन बेटजमन यांचा आग्रह होता. सरदारांचे वाडे आणि समुद्रकिनारे सांभाळणाऱ्या संस्थेने बॉम्बस्फोटांच्या टापूत एक चालू मद्यगृह विकत घ्यावे, हा निर्णय त्या काळी धाडसाचाच होता. १९८१ मध्ये वास्तुविशारद रॉबर्ट मॅकिन्स्ट्री यांच्या देखरेखीखाली सुमारे चार लाख पौंड खर्चून तिचे पुनरुज्जीवन झाले. शेजारच्या ऑपेरा हाऊसचे कामही त्यांनीच नुकतेच पार पाडले होते. २००७ मध्ये आणखी सुमारे पाच लाख पौंडांचे काम झाले. या दोन्ही वेळी घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणजे वास्तूचे संग्रहालय न करणे. ट्रस्ट मालक राहिला, धंदा भाडेकरू कंपनीकडे राहिला आणि संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस पूर्वीसारखाच काउंटरशी उभा राहू शकला. स्नगच्या बाकाला दोरी बांधून ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावली असती तर लाकूड अधिक काळ टिकले असते, पण त्या लाकडाचे प्रयोजनच संपले असते. वापराने होणारी झीज हा जतनाचा खर्च म्हणून स्वीकारणे, ही भूमिका आपल्याकडील जुने वाडे आणि नाट्यगृहे यांच्या संदर्भातही विचारात घेण्याजोगी आहे.

अर्थात या धोरणालाही आता नवा ताण आहे. बेलफास्टमध्ये शांतता आल्यापासून पर्यटकांची संख्या वाढली आणि क्राउन हे प्रत्येकाच्या यादीतले ठिकाण झाले. शनिवारी संध्याकाळी दहापैकी एकही स्नग रिकामा मिळत नाही, आणि दार उघडून आत डोकावणाऱ्या, छायाचित्र घेणाऱ्या लोकांमुळे ज्याच्यासाठी ते दार केले तो एकांतच हरवतो. सामान्य दिवशी दुपारच्या जेवणाची वेळ उलटल्यावर जाणे त्यामुळे सर्वांत चांगले. तेव्हा पश्चिमेचा उजेड तावदानांवर येऊ लागलेला असतो, एखादा स्नग मोकळा सापडतो, आणि कांद्याची पात घालून घोटलेल्या बटाट्याची ‘चँप’ ही साधी अल्स्टरी भाजी किंवा नुसता काळ्या स्टाउट बियरचा पेला घेऊन तासभर निवांत बसता येते. ज्या स्थानकाने या पबला गिऱ्हाईक दिले ते १९७६ मध्ये बंद झाले, १९९५ मध्ये त्याच परिसरात नव्याने उघडले आणि २०२४ मध्ये पुन्हा बंद होऊन त्याची जागा जवळच्याच ग्रँड सेंट्रल स्थानकाने घेतली. डब्लिनहून येणारी गाडी आता तेथेच थांबते, आणि तेथून क्राउनपर्यंत चालत जाण्यास काही मिनिटेच लागतात.

क्राउनच्या फरशांचे मूळ पाहण्याची इच्छा असलेल्याने पुढे इंग्लंडात जॅकफील्डला जावे. सेव्हर्न नदीच्या काठी, आयर्नब्रिजच्या दरीत, क्रेव्हन डनिलच्या त्या काळच्या कारखान्याच्या इमारतींत आज फरशांचे संग्रहालय असून त्याच आवारात त्या नावाने फरशा करण्याचे कामही चालू आहे. साच्यात माती कशी दाबतात, लेप कसा ओततात आणि भट्टीतून निघालेल्या फरशीच्या खोलगट भागांत रंग कसा गडद झालेला असतो, याची उदाहरणे तेथे हाताच्या अंतरावरून पाहता येतात.